अणू म्हणजे जौहर की सालिमा?

मी भाषेची शिक्षिका. उर्दू आणि मराठी हे माझे विषय. बी.ए., बी.एड. झाले आणि मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी मुलींच्या उर्दू शाळेत लागले, त्याला आता वीस वर्षं होत आली. विज्ञानाशी माझा संबंध दहावीच्या निकालाबरोबर संपला होता. तो परत जोडला गेला तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये. आमचे विज्ञानाचे सर निवृत्त झाले, जागा भरली गेली नाही, आणि मुख्याध्यापकांनी वेळापत्रकाच्या कागदावर आठवीच्या विज्ञानापुढे माझं नाव लिहिलं. मी म्हटलं, "सर, मला ग़ालिब शिकवता येतो, केशवसुत शिकवता येतात. ऑक्सिजन कसा शिकवू?" ते म्हणाले, "पुस्तक उर्दूतच आहे ना? वाचून दाखवा."

वाचून दाखवणं म्हणजे शिकवणं, हा समज आपल्याकडे किती खोल रुजलाय ते मला त्या वर्षी कळलं. रसायनशास्त्राची सुरुवात मुलांना नेमकी कुठे अडवते, हेही त्याच वर्षी कळलं, कारण मीही त्यांच्याबरोबर पहिल्यांदाच शिकत होते.

दुसऱ्याच आठवड्यात एक मुलगी उभी राहिली. हातात हिंदीतलं गाइड. म्हणाली, "मिस, इसमें तो उल्टा लिखे. हमारी किताब में जौहर सबसे छोटा, उसके बाद सालिमा. ट्यूशन के सर मराठी में बोले, जौहर यानी अणू. पर गाइड में अणु सालिमे को लिखे!" मी गाइड हातात घेतलं. खरंच तसं होतं. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. शब्द तोच, अर्थ एक पायरी खाली-वर. कुणाचीही छपाई चुकलेली नव्हती. दोन शेजारच्या भाषांनी एकच संस्कृत शब्द वेगवेगळ्या जागी बसवला, आणि मधल्या फटीत माझी तेरा वर्षांची विद्यार्थिनी पडली.

पुढे आम्ल-आम्लारीचा धडा आला तेव्हा तोच घोळ पुन्हा. मराठी पुस्तकात 'क्षार' म्हणजे सॉल्ट. हिंदीत सॉल्टला 'लवण' म्हणतात आणि 'क्षार' जातो अल्कलीकडे, म्हणजे आम्लाच्या बरोब्बर विरुद्ध बाजूला. उर्दूत तुर्शा किंवा तेजाब, असास आणि नमक. आता विचार करा, आमच्या मुलीचं पुस्तक उर्दूत, शिकवणीचे सर मराठीत बोलणारे, मोबाइलवर जे व्हिडिओ बघते ते हिंदीत, आणि अकरावी सायन्सला गेली तर सगळंच इंग्रजीत. चार दारं असलेल्या घरात ती राहते. एका दारावरची पाटी दुसऱ्या दारावर वेगळ्या अर्थानं लावलेली आहे, हे तिला कुणीच सांगितलेलं नसतं. मग ती पाठ करते. दुसरा मार्ग काय?

विज्ञानाच्या पदवीधर शिक्षकांना हा प्रश्न दिसत नाही असं मला वाटतं, कारण त्यांच्या डोक्यात ॲटम हा शब्द पक्का झालेला असतो. त्यांना बाकीचे शब्द म्हणजे त्यावर लावलेले कपडे वाटतात. मला मात्र शब्दच आधी दिसले. तो माझा धंदाच आहे.

त्या वर्षी मी वर्गाच्या भिंतीवर तीन रकान्यांचा एक मोठा कागद चिकटवला. उन्सुर, मूलद्रव्य, एलिमेंट. मुरक्कब, संयुग, कंपाउंड. आमेजा, मिश्रण, मिक्श्चर. जौहर, अणू, ॲटम. सालिमा, रेणू, मॉलिक्यूल. प्रत्येक धड्याला तो कागद खाली वाढत गेला. हिंदीचा शब्द वेगळा पडत असेल तिथे कडेला लाल शाईनं इशारा. शब्द नुसते लिहून सोडले नाहीत, फोडून दाखवले. 'मुरक्कब' हा शब्द मुलींना उर्दू व्याकरणातून माहीत असतो, मुफ़रद आणि मुरक्कब. दोन शब्द जोडून एक नवा होतो आणि त्याचा अर्थ दोघांपेक्षा वेगळा असतो. संयुगाचंही तेच. हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन जाळायला मदत करतो, दोघांपासून झालेलं पाणी आग विझवतं. नऊ ग्रॅम पाणी घेतलं तर त्यात एक ग्रॅम हायड्रोजन आणि आठ ग्रॅम ऑक्सिजन, मग पाणी नळाचं असो की झमझमचं. हे प्रमाण ठरलेलं, म्हणून ते संयुग. शरबतात साखर किती घालायची हे मेजवानीच्या खर्चावर ठरतं, म्हणून ते मिश्रण.

'संयुजा' या शब्दापाशी मुली नेहमी अडखळतात. उर्दूत त्याला 'गिरफ्त' म्हणतात, म्हणजे पकड. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन, नायट्रोजनला तीन, कार्बनला चार. आता कोण कुणाचे किती हात धरेल ते सांगा, म्हटलं की मागच्या बाकावरच्याही बोलू लागतात. उलट 'सालिमा' या शब्दातून आमच्या मुलींना काही दिसत नाही, तिथे 'रेणू' बरा. मराठीतल्या 'द्रव' आणि 'द्रव्य' यांनी मात्र छळलं. एक लिक्विड, एक मॅटर, फरक एका जोडाक्षराचा. त्यात द्रावण, द्रावक, द्राव्य यांची भर. पण तक्रार कुठल्या तोंडानं करणार? उर्दूतही महलूल, मुनहल, मुहल्लिल आहेतच, तेही एकाच धातूपासून निघालेले. (आणि हो, 'धातू' म्हणजे मराठीच्या तासाला क्रियापदाचं मूळ आणि विज्ञानाच्या तासाला लोखंड. हा विनोद मुलींनीच केला, माझा नाही.)

सहकाऱ्यांतल्या एकानं आक्षेप घेतला. "तीन-तीन भाषांचा बोजा टाकताय पोरींवर. एक काय ते ठरवा. सरळ इंग्रजी शब्द द्या." माझं म्हणणं असं, की बोजा मी टाकत नाही, तो आधीच पाठीवर आहे. मी फक्त तो उतरवून समोर मांडते, त्यात काय काय आहे ते बघू म्हणते. सरळ इंग्रजी शब्द दिला की मुलीला आवाज मिळतो, अर्थ मिळत नाही. 'व्हॅलन्सी' म्हणजे काय असं विचारलं तर ती परत 'व्हॅलन्सी'च म्हणेल. दुसऱ्या बाजूचे लोकही असतात. उर्दूचे अभिमानी. त्यांना मराठीचा रकाना खटकला. त्यांना मी विचारलं, आपल्या मुली तलाठी भरतीला, पोलीस भरतीला बसतात तेव्हा सामान्य विज्ञानाचे प्रश्न कोणत्या भाषेत येतात? मराठीत. तिथे 'आम्लारी' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा दिसावा असं तुम्हाला वाटतं का?

आपल्या उर्दू परिभाषेला छोटा इतिहास नाही. हैदराबादेत १९१७ साली दारुल तर्जुमा स्थापन झालं, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक़ त्या तर्जुमा विभागाचे पहिले प्रमुख होते. विज्ञानाचं उच्च शिक्षण एका हिंदुस्थानी भाषेत द्यायचं, हा तिथला प्रयोग होता, आणि आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. शब्द कसे घडवावेत यावर वहीदुद्दीन सलीम यांनी १९२१ साली 'वज़ा-ए-इस्तिलाहात' हे अख्खं पुस्तक लिहिलं. अरबी-फारसीच्या जोडीला देशी शब्दांनाही त्यांनी जागा दिली होती. १९४८ नंतर तिथलं माध्यम बदललं, पण शब्द राहिले. आज आमच्या मुलींच्या पुस्तकात आहेत ते बरेचसे त्याच घराण्यातले. मराठीतही शासनाच्या भाषा संचालनालयानं विषयवार परिभाषा कोश काढले, त्यात रसायनशास्त्राचाही आहे. म्हणजे दोन्हीकडे माणसं मन लावून बसली, एकेक शब्दावर भांडली. फक्त ही दोन घरं एकमेकांना कधी भेटली नाहीत, आणि मधल्या अंगणात मूल उभं आहे.

शब्दांबद्दल फार बोलले. खरं तर शब्द दुसऱ्या क्रमांकावर हवा. आधी वस्तू हवी. आमच्या शाळेत प्रयोगशाळेचं कपाट आहे, त्याला कुलूप आहे, आणि काचसामान फुटेल म्हणून ते कुलूपच सगळ्यात जास्त सुरक्षित आहे. मग मी घरचं सामान आणलं.

माझे अब्बा कल्हईवाले होते. सायकलला भाता, कोळशाची पिशवी, आणि गावोगाव. अब्बा जाऊन बरीच वर्षं झाली, पण त्यांची कातडी पिशवी अम्मीनं ठेवली होती. त्यात कथलाची एक अर्धी कांडी आणि काचेच्या बरणीत नवसागराचे खडे निघाले. ते मी वर्गात नेले. नवसागराला आपण घरात नौशादर म्हणतो. बऱ्याच मुलींनी कल्हई कधी पाहिलीच नव्हती, स्टीलच्या घरात वाढलेल्या त्या. म्हणून आधी अब्बा काय करायचे ते सांगितलं. तांब्याचं पातेलं वाळूनं घासून भट्टीवर तापवायचं. पुरेसं तापलं की त्यात नवसागराची पूड टाकायची. भसकन पांढरा धूर निघायचा, डोळे चुरचुरायचे. मग कथलाची कांडी टेकवली की ती लोण्यासारखी वितळायची, आणि कापसाच्या बोळ्यानं हात फिरवला की लाल पातेलं आतून चंद्रासारखं पांढरं. लगेच थंड पाण्यात, चर्र.

आता यात आठवीचं किती पुस्तक आहे ते बघा. तांबं मूलद्रव्य, कथील मूलद्रव्य. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांब्याला हजाराच्या वर लागतात, म्हणून पातेलं तसंच राहतं आणि कांडी वाहते. नवसागर हे संयुग, त्याचं शाळेतलं नाव अमोनिअम क्लोराइड. त्यात नायट्रोजन, हायड्रोजन आणि क्लोरीन. तापवलं की ते पाणी होत नाही, त्याचे दोन वायू होतात, अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड. तापलेल्या तांब्यावर हवेतल्या ऑक्सिजनमुळे काळपट थर बसलेला असतो, कॉपर ऑक्साइडचा. त्यावर कथील चिकटत नाही. नवसागरातून सुटलेला हायड्रोजन क्लोराइड तो थर खातो आणि खालचं स्वच्छ तांबं उघडं पडतं. उरलेले दोन्ही वायू वर थंड हवेत पुन्हा भेटतात आणि पुन्हा नवसागर होतात, त्याचे बारीक कण म्हणजे तो पांढरा धूर. आणि हा सगळा खटाटोप कशासाठी? तांब्याच्या उघड्या भांड्यात चिंचेचं सार ठेवलं की ते कळकतं. आंबट पदार्थातलं आम्ल आणि हवा मिळून तांबं थोडं थोडं विरघळवतात. कथलाचा थर मध्ये आला की हे थांबतं.

मुली गप्प होत्या. मग एकीनं विचारलं, "मिस, आपके अब्बा को ये सब मालूम था?" मी खरं ते सांगितलं. नव्हतं माहीत. त्यांना माहीत होतं की पातेलं किती तापलं म्हणजे पूड टाकायची, आणि त्यात ते कधी चुकले नाहीत. पण तो धूर काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. ते भट्टीवर वाकून बसायचे, तोंडाला रुमालसुद्धा नाही. शेवटची वर्षं त्यांना खोकला होता. तो त्या धुरामुळेच होता असं मी म्हणणार नाही, डॉक्टरांनीही तसं लिहून दिलं नव्हतं. पण धूर काय आहे हे कळलं असतं तर वाऱ्याची दिशा बघून बसले असते, एवढं नक्की.

हे सांगायचं कारण असं, की आपल्या समाजात कारागिरी खूप आहे. कल्हईवाले, रंगारी, गाड्यांच्या बॅटरीवाले, वेल्डिंगवाले, सोन्याचांदीला पॉलिश करणारे. शेजारच्या बीदरची बिदरी बघा, औरंगाबादेतही तिचे कारागीर आहेत. जस्त सोळा भाग आणि तांबं एक भाग असं मिश्रधातू ओततात, त्यावर चांदीची तार बसवतात. मग बीदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात घालून त्या उकळत्या पाण्यानं भांडं घासतात. मिश्रधातू काळाकुट्ट होतो, चांदीला काही होत नाही. एकच द्रावण, दोन धातू, दोन वेगळी वागणूक. धातूंची क्रियाशीलता शिकवायला याहून चांगला तक्ता कुठला? पण तो पुस्तकात नाही. कारागिराचं मूल शाळेत आलं की त्याला आपण सांगतो, घरी जे बघितलं ते विसर, इथे व्याख्या लिही.

दुसरी गोष्ट माझ्याच घरची. काही वर्षांपूर्वी रमजानच्या आधी घराची सफाई चालली होती. माझ्या जावेनं न्हाणीत संडास साफ करायचं ॲसिड टाकलं. डाग जाईना म्हणून त्यावरच कपड्यांचं ब्लीच ओतलं. दोन औषधं एकत्र म्हणजे दुप्पट गुण, असा तिचा हिशेब. दार बंद. मिनिटभरात ती खोकत बाहेर आली, श्वास लागेना, डोळे लाल. दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला, रात्रभर ठेवलं, अल्लाहचा शुक्र की सुखरूप परत आली. त्या बाटलीत हायड्रोक्लोरिक आम्ल होतं आणि ब्लीचमध्ये सोडिअम हायपोक्लोराइट. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्रच्या रणांगणावर सैनिकांवर सोडला होता तोच. बाटलीवर सूचना होती, मुंगीच्या पावलाएवढ्या इंग्रजी अक्षरांत. माझी जाऊ दहावी पास आहे. आम्लाची व्याख्या तिनं परीक्षेत लिहिली होती आणि तिला गुणही मिळाले होते.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं, "सायन्सला जाणार नाहीत त्या पोरींना एवढं रसायन कशाला", तेव्हा मला माझ्या जावेचा तो आवाज ऐकू येतो. सायन्सला जाणाऱ्या मुलीला रसायन पुढे कुणीतरी शिकवेलच. जिचं शिक्षण दहावीला थांबणार आहे, तिला आत्ताच नीट हवं. दोन सफाईची औषधं कधी एकत्र करू नयेत, आम्ल पातळ करताना आम्ल पाण्यात घालावं, आम्लात पाणी घालू नये, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये, कारण अर्धवट जळणाऱ्या कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो. हे सगळं आठवीच्या मुलीला समजतं, कारणासकट समजतं.

प्रयोग फार साधे केले. हळदीचं पाणी कागदावर लावून वाळवलं. त्यावर साबणाचं पाणी पडलं की लाल, वर लिंबू पिळलं की परत पिवळा. एक मुलगी म्हणाली, ईदच्या दुपट्ट्यावर बिर्याणीचा डाग पडला होता, अम्मीनं साबण लावला तर रक्तासारखा लाल झाला, अम्मी घाबरली. आता घाबरणार नाही. जास्वंदीच्या पाकळ्यांचं पाणी सोड्यात हिरवं झालं तेव्हा मात्र वर्गात जो गोंधळ झाला, त्यानं शेजारच्या वर्गातून तक्रार आली.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पानाच्या चुन्यानं. चुना पाण्यात ढवळला, रात्रभर ठेवला, वरचं नितळ पाणी काढलं. नळीनं हळूच फुंकायचं, ओढायचं नाही, हे दहा वेळा बजावलं. आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड चुन्याच्या निवळीत मिसळतो, कॅल्शिअम कार्बोनेट तयार होतं, पाणी दुधासारखं होतं. पुस्तकात इथपर्यंतच होतं. एक मुलगी मात्र थांबलीच नाही. बाकीच्या बाजूला झाल्या, ही आपली फुंकतेय. आणि बघता बघता पांढरं पाणी पुन्हा नितळ झालं! ती रडवेली झाली, "मिस, मेरा बिगड़ गया." मलाही तसंच वाटलं. मी म्हटलं, चुना कमी पडला असेल. हे खोटं होतं, मला माहीतच नव्हतं. घरी जाऊन शोधलं. बिघडलं काहीच नव्हतं. कार्बन डायऑक्साइड जास्त झाला की न विरघळणाऱ्या कॅल्शिअम कार्बोनेटचं विरघळणारं कॅल्शिअम बायकार्बोनेट होतं. ते पाणी उकळलं की वायू निघून जातो आणि पांढरा चुना परत खाली बसतो. आमच्या बोअरच्या पाण्यानं प्रत्येक घरच्या पातेल्याला जो पांढरा थर धरतो, तो हाच. दुसऱ्या दिवशी वर्गात मी आधी सांगितलं की काल मी चुकीचं बोलले. मग त्या मुलीचं नितळ पाणी उकळून दाखवलं. ती पहिल्या बाकावर येऊन बसली ती वर्षभर तिथेच.

चुकीवरून आठवलं. मिठाचा रेणू असं मीही शाळेत शिकले होते. मिठात रेणू नसतात. सोडिअम आणि क्लोरीनचे आयन, एक धन एक ऋण, विटांसारखे एकाआड एक रचलेले, कुणाची जोडी कुणाशी असं वेगळं काढता येत नाही. 'संयुगाचा सर्वात लहान कण म्हणजे रेणू' ही व्याख्या इतकी गोड वाटते की स्वयंपाकघरातल्या पहिल्याच डब्याशी ती अडते, हे लक्षात येत नाही.

आता एका नाजूक गोष्टीविषयी. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतो. आमच्याकडे दरवर्षी एक तरी भाषण जाबिर बिन हय्यान यांच्यावर होतं. आठव्या शतकातले किमयागार, रसायनशास्त्राचे जनक, वगैरे. त्या वर्षी ज्या मुलीला पहिलं बक्षीस मिळालं तिला मी मंचावरून उतरल्यावर विचारलं, बेटा, जाबिर यांनी ऊर्ध्वपातन केलं म्हणालीस, ते काय असतं? तिला सांगता आलं नाही. तिचा दोष नव्हता, भाषण तिच्या भाईजाननं लिहून दिलं होतं.

अभिमान मलाही आहे. अल्कली हा शब्द अरबी 'अल-क़ली'वरून आला, झाडाची राख. त्यावरूनच पोटॅशिअमचं लॅटिन नाव कॅलिअम झालं, आणि म्हणून जगातला प्रत्येक मुलगा आवर्तसारणीत त्या चौकोनात 'के' हे अक्षर लिहितो. अल्कोहोलमध्ये आपला 'अल-कुहल' म्हणजे सुरमा बसलाय. मराठीतली 'किमया' तर थेट आपल्या घरची. हे मी वर्गात सांगते, मुली खुश होतात. पण जाबिर यांच्या नावावर असलेले सगळे ग्रंथ त्यांचेच असण्याबद्दल अभ्यासकांना शंका आहे, हेही सांगते. आणि विचारते, अकराशे-बाराशे वर्षांपूर्वीचा माणूस एवढा पाठ आहे, मग सलीमुज़्ज़माँ सिद्दीकी माहीत आहेत का? बाराबंकीचा माणूस. हकीम अजमल ख़ान यांच्या दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात बसून १९३१ साली त्यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक औषधी द्रव्य वेगळं केलं आणि हकीम साहेबांच्या नावावरून त्याला अजमलीन नाव दिलं. हृदयाच्या ठोक्यांच्या विकारात ते आजही वापरलं जातं. युनानी हकीम, आयुर्वेदातली वनस्पती, आधुनिक प्रयोगशाळा, तिन्ही एका खोलीत. हे भाषण कुणीच करत नाही.

पूर्वजांच्या नावावर जगण्याचा आजार आपल्या एकट्याचा नाही. प्राचीन रसशाळांच्या गोष्टी सांगून टाळ्या घेणारेही खूप आहेत. प्रफुल्लचंद्र रॉय यांनीही 'हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास' लिहिला, पहिला खंड १९०२ साली. पण त्याआधी १८९६ मध्ये त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत मर्क्युरस नायट्राइट बनवलं होतं, आणि १९०१ मध्ये बेंगाल केमिकल्स कंपनी उभी केली होती. आधी हात भाजले, मग इतिहास लिहिला. आपण उलट क्रम धरलाय.

माझी मागणी मोठी नाही. आठवीपासून प्रत्येक उर्दू शाळेच्या पुस्तकात धड्याच्या शेवटी उर्दू, मराठी, इंग्रजी असे शब्द एका ओळीत छापावेत. पुस्तकं एकाच मंडळाची आहेत, धडेही तेच आहेत, एका पानाचा खर्च आहे. मराठी शाळांच्या पुस्तकात इंग्रजीबरोबर हिंदीचा इशारा द्यावा, कारण त्यांची मुलंही तेच हिंदी व्हिडिओ बघतात. विज्ञानाच्या रिकाम्या जागा भराव्यात, हे तर सांगून सांगून जीभ झिजली. आणि कपाटाचं कुलूप काढावं. काचसामान फुटलं तर फुटू द्या. फुटायलाच आणलेलं असतं ते.

पालकांनाही एक सांगायचं आहे. मुलगी अकरावी सायन्स सोडून परत आली की आपण म्हणतो, तिला झेपलं नाही. माझ्या ओळखीच्या ज्या मुली परत आल्या, त्यांतल्या दोघींशी मी बसून बोलले. दोघींना पाण्याचं रेणुसूत्र येत होतं, समीकरणं संतुलित करता येत होती. वर्गात पहिल्या दिवशी 'सोल्युट', 'सॉल्व्हंट' सुरू झालं तेव्हा आपण हे महलूलवाल्या धड्यात शिकलोय हे त्यांना ओळखता आलं नाही, एवढंच. दोन आठवडे गप्प बसल्या, मग घाबरल्या. एकीला मी भिंतीवरच्या कागदाचा फोटो पाठवला. तिनं तो वहीत उतरवून काढला, पुढच्या वर्षी परत प्रवेश घेतला. दुसरीचं तोवर लग्न ठरलं होतं.

या जूनमध्ये आमच्याकडे विज्ञानाचे नवे सर आले. तरुण आहेत, एम.एस्सी. आहेत, मराठी माध्यमातून शिकलेले, उर्दू लिपी शिकतायत. मी माझ्या उर्दू-मराठीकडे परत गेले. सरांनी भिंतीवरचा कागद काढला नाही. उलट त्यातल्या दोन चुका दाखवल्या, त्या मी दुरुस्त केल्या. परवा अब्बांची नवसागराची बरणी त्यांच्या हातात दिली. सांगितलं, झाकण घट्ट लावा, पावसाळ्यात ओलावा धरतो. आणि धूर काढायचा असेल तर मुलींना खिडकीच्या बाजूला उभं करा.